चाळीस माणसांचा समुद्र

त्याला सगळे गर्दीमास्तर म्हणायचे. चॅनेलच्या हजेरीपटावर दुसरं नाव असेल, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यानं मान वळवली नसती. हे नाव पडलं ते त्याच्या हातगुणामुळं. वीस माणसं द्या, हा बाबा दोनशे करून दाखवायचा. दोनशे दिली असती तर काय केलं असतं कोण जाणे, पण त्या शहरात लग्नाची पंगत सोडली तर दोनशे माणसं एका जागी जमायची नाहीत.

त्याची रीत ठरलेली होती. मोर्चेवाल्यांना चौकातल्या घड्याळाच्या खांबाला नेऊन चिकटवायचं. "मागं सरका. अजून सरका. अरे अंगाला अंग लागू द्या, खरूज होत नाही कुणाला." उंच माणसं मागं, बुटकी पुढं, फलकवाले दोन्ही टोकांना. मग स्वतः चौक ओलांडून पार समोरच्या गाद्यांच्या दुकानाच्या पायरीपाशी जायचं, उजवा गुडघा जमिनीला टेकायचा, कॅमेरा रस्त्यालगत धरायचा आणि झूम करून माणसं जवळ ओढायची. एवढ्या लांबून ओढलं की डोकी डोक्यांना चिकटतात, मुठींवर मुठी चढतात, मधला उजेड नाहीसा होतो. आणि खरी मेख कडेला. चौकटीच्या दोन्ही कडांना माणसं अर्धी कापून ठेवायची. अर्धं माणूस दिसलं की बघणाऱ्याला वाटतं, उरलेलं अर्धं आणि त्याच्या मागची आणखी शंभर तिकडं बाहेर उभी आहेत.

एवढं सगळं करून उठताना त्याचा गुडघा कट्‌कन वाजायचा आणि शॉटच्या शेवटी चित्राला एक हिसका बसायचा. डेस्कवरची मंडळी तो कापून टाकायची. घाई असली की तसाच राहायचा. मग रात्रीच्या जेवणाला बायको म्हणायची, "आज बातम्यांत तुमचा गुडघा दिसला."

तिचं एवढंच समीक्षण. बातमी कशाची होती हे तिला विचारलं तर सांगता आलं नसतं.

चॅनेल म्हणजे काही फार मोठा कारभार नव्हता. त्याच गाद्यांच्या दुकानावरचा मजला. जिन्यात कायम फोमचा वास. स्टुडिओच्या भिंतींनाही खालच्याच दुकानातले उरलेसुरले फोमचे तुकडे ठोकले होते, आवाज घुमू नये म्हणून. मोकळा वेळ मिळाला की सगळे त्या भिंतीला टेकून झोपायचे. वरचे साहेब, अँकर, बातमी द्यायला जाणारी एक चुणचुणीत पोरगी आणि कॅमेऱ्यावर गर्दीमास्तर. गटारं, पाणी, रस्ते, बक्षीस समारंभ. आणि मोर्चे. मोर्चा कशाचाही असो, पुढं भोंगाच असायचा.

भोंग्याचं नळांचं आणि पाइपांचं दुकान होतं. तो आणि गर्दीमास्तर शाळेत एका बाकावर बसलेले. गड्याच्या गळ्याला देवानं आवाज देताना हात आखडता घेतला नव्हता. त्याला माइक लागायचा नाही. उलट माइक दिला की माइकच बिघडायचा.

आता घरचं सांगतो. गर्दीमास्तरची एकुलती लेक पलीकडच्या देशात दिली होती. दिली म्हणजे तिनंच जमवलं. तेव्हा दोन्ही देशांचं गूळपीठ होतं, रोज विमान होतं, व्याही वर्षातून एकदा येऊन गर्दीमास्तरच्या घराच्या दोन्ही खोल्या आपल्या हसण्यानं भरून टाकत होते. लेकीला दिवस गेले तशी बायको बाळंतपणाला तिकडं गेली. महिन्या-दोन महिन्यांत येते म्हणाली होती. मग लेक कामावर रुजू झाली, पोराला बघायला कुणी नाही, म्हणून आजी राहिली. पोर पालथं पडलं, बसायला लागलं, रांगायला लागलं. गर्दीमास्तरनं नातू पाहिला तो फोनच्या काचेतूनच. पोर काचेला जीभ लावायचं. ह्याला पडद्यावर नुसता ओला गुलाबी डाग दिसायचा, आणि तो त्या डागाशी बोलायचा.

जावयाला सुटी मिळाली की सगळी मिळून यायची ठरली होती. तोवर गर्दीमास्तर एकटा. घरात बायकोच्या चपला कॉटखाली होत्या तशाच. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर काही लिहिलेलं नव्हतं. तिला हातातल्या वजनावरून कळायचं आत काय आहे. ह्याला झाकण उघडल्याशिवाय कळायचं नाही, आणि उघडलं की हमखास नको तेच असायचं. भाताचं तर विचारू नका. एक तर तळाशी करपायचा, नाही तर खळ व्हायची. करपलेला वास खिडकीतून गेला की शेजारीण भिंतीपलीकडून म्हणायची, "भाऊजी, जेवायची वेळ झाली वाटतं."

संध्याकाळी बायको फोनवर चॅनेल लावायची. तिकडं बसून इकडचे रस्ते बघायची. "आज कुणी दुसरा होता का कॅमेऱ्यावर?" असं विचारायची, आणि खरोखरच त्या दिवशी दुसरा असायचा.

तर हे असं चाललेलं असताना राजधानीत ती चर्चा सुरू झाली.

पलीकडच्या देशाशी संबंध ठेवायचे की तोडायचे. भांडण एका बेटावरून होतं. त्या बेटावर म्हणे पक्ष्यांच्या शिटेशिवाय काही नव्हतं, पण ते कुणाचं यावरून सभागृहात माणसं टेबलं बडवत होती. मोठी चॅनेलं दिवसभर तेच दळत होती. साहेबांना ते बघून चैन पडेना. त्यांनी सगळ्यांना बोलावलं.

"आपण काय गटारंच दाखवायची का जन्मभर? परराष्ट्र धोरण हा आपलाही विषय आहे. स्थानिक पडसाद पाहिजेत."

"पडसाद उमटले नाहीत अजून," पोरगी म्हणाली.

"मग उमटव."

पोरीनं भोंग्याला फोन लावला. भोंगा दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात हजर. बरोबर त्याच्या दुकानातले कामगार, त्याचे दोन मेहुणे, क्लासला दांडी मारलेली काही पोरं, बसची वाट बघणारे काही भिडस्त लोक. सगळे मिळून चाळीस धरा.

"बेट कुठं आलं रे?" भोंग्यानं गर्दीमास्तरला हळूच विचारलं.

"मला काय माहीत."

"समुद्रात असेल."

"बेट म्हटल्यावर समुद्रातच असणार."

"तसं नाही, कुणी माइक तोंडापुढं धरून विचारलं तर काय सांगू?"

"आपलं आहे म्हणून सांग. कुठं आहे ते कोण विचारतंय."

मग गर्दीमास्तरनं आपली रीत केली. मागं सरका, अंगाला अंग लागू द्या. चौक ओलांडला, गुडघा टेकला. त्या दिवशी उन्हाची तिरीपही अशी छान पडली होती की घामेजलेले चेहरे नुसते चमकत होते. भोंग्यानं अशी आरोळी दिली की खांबावरची कबुतरं उडाली आणि बरोबर चौकटीतून वर गेली. असा शॉट जन्मात एखादा मिळतो. गर्दीमास्तरनं श्वास रोखून धरला. डोकीच डोकी, मुठीच मुठी, कडांना अर्धी माणसं. बघणाऱ्याची छाती दडपावी असा समुद्र.

आपण हे कुणाविरुद्ध उभं करतोय, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. त्याच्या दृष्टीनं मोर्चा तो मोर्चा. पाण्याचा असो की परदेशाचा, चौकट भरली पाहिजे.

शॉट दुपारी लागला. संध्याकाळी राजधानीतल्या एका मोठ्या चॅनेलनं मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सभागृहात एक सभासद उभे राहून म्हणाले की, राजधानीचं सोडा, लहान लहान शहरांत जनसागर उसळला आहे, जनता रस्त्यावर आली आहे, तिचा आवाज ऐका. आणि त्या वाक्याच्या बाजूला पडद्यावर भोंगा, त्याचे दोन मेहुणे आणि कबुतरं.

साहेबांनी पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली. गर्दीमास्तरच्या पाठीवर सगळ्यांसमोर थाप मारली. इतक्या वर्षांत पाठीवर थाप पडली नव्हती, त्यामुळं तो जरा कावराबावराच झाला. घरी येऊन हातपायही न धुता त्यानं फोन लावला.

"पाहिलंस का?"

"काय?" बायको म्हणाली.

"राजधानीच्या चॅनेलवर. सकाळपासून दाखवताहेत. माझा शॉट आहे तो."

"तो आपला चौक होता?"

"मग. समुद्र होता नुसता. मुंगीला शिरायला जागा नव्हती. सभागृहात नाव निघालं आपल्या शहराचं."

पलीकडून नुसता पोराचा खुळखुळा वाजत होता. 

"अगं, ऐकतेस ना?"

"ऐकतेय. बाळ उठलंय. ठेवते."

त्या दिवशी करपलेला भातही त्याला गोड लागला.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. 

"आम्ही येत नाही आत्ता," ती म्हणाली.

"का? सुटी नाही मिळाली?"

"सुटी मिळाली. व्याह्यांनी पाहिलं ते. घरात सगळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, असल्या गर्दीत मी सुनेला आणि नातवाला कसं पाठवू. आणि खरंच आहे. जावई तोंड उघडलं की कळतो कुठला आहे ते. पोराचा पासपोर्ट इकडचा. आणि घर आपलं चौकापासून हाकेवर."

"अगं, चाळीस माणसं होती."

"काल समुद्र होता."

"तसं दिसतं ते. मी दाखवलं तसं. कडेची माणसं अर्धी कापली की…"

"म्हणजे मला फसवलंत?"

"तुला कुठं? बघणाऱ्यांना."

"मी बघणारीच आहे की."

 ती पुढं म्हणाली, "माझ्या डोळ्यांनी बघितलं ते खोटं, तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगितलंत तेही खोटं, आणि आता आम्ही यावं म्हणून सांगताय ते तेवढं खरं?"

"आईशपथ, चाळीस."

"तुमच्या आईला जाऊन किती वर्षं झाली. तिला कशाला मध्ये घेता."

त्यानं चौकात जाऊन मोकळ्या चौकाचा फोटो काढून पाठवला. ती म्हणाली, पहाटे काढला असेल. मग त्यानं भोंग्याला गाठलं. भोंगा दुकानात पाइपला आटे पाडत बसला होता.

"तू वहिनीला फोनवर एवढंच सांग, की चाळीस जण होतो."

भोंग्यानं पाइप खाली ठेवला. "मी माझ्या तोंडानं चाळीस म्हणू?"

"खरं आहे ते."

"खरं असलं म्हणून काय झालं. मला राजधानीतून फोन आला होता. हजारोंचे नेतृत्व म्हणाले. माझी आई ऐकत होती बाजूला. आता तू सांगतोस चाळीस म्हण."

"घरच्या घरी सांगायचंय रे. तिलाच फक्त."

"वहिनी तिकडं राहते. तिकडच्या देशात मी चाळीस आहे म्हणून सांगू?" भोंगा खरोखर दुखावला होता. "दुसरं काय पाहिजे ते माग. नळ गळतो का तुझा?"

नळ गळत होता. पण गर्दीमास्तर तसाच निघून आला.

त्यानं साहेबांनाही विचारून पाहिलं, एकदा चौकाचा वाइड शॉट लावता येईल का. सगळा चौक एकदम. साहेब चष्म्यावरून बघत राहिले. "मोकळा चौक दाखवायला आपण काय नगरपालिका आहोत?"

आणि तो शॉट काही थांबेना. रोज संध्याकाळी चर्चा. कुणी निवृत्त अधिकारी, कुणी प्राध्यापक, कुणी भोंगाच. परराष्ट्र म्हटलं की मागच्या पडद्यावर तोच शॉट. ताजं काही नसलं की साठवणीतलं काढतात, तशी रीतच असते. गर्दीमास्तर कामावरून घरी जायचा तेव्हा रस्त्याकडेच्या प्रत्येक खिडकीत तो समुद्र हेलकावत असायचा. न्हाव्याच्या दुकानात, औषधांच्या दुकानात, शेजारणीच्या घरात. आपण एकदा ओरडलो आणि तो आवाज विहिरीतून परत येतच राहिला, तसं त्याला व्हायचं. दार लावून तो कॉटवर बसायचा. शेजारणीच्या भिंतीतून भोंग्याची घोषणा ऐकू यायची, मग कबुतरांचा फडफडाट. फोनवर बायको आता चॅनेलबद्दल काही बोलायची नाही. गुडघा दिसला का म्हणून विचारावंसं त्याला वाटायचं, पण जीभ रेटायची नाही.

राजधानीत मतदानाचा दिवस ठरला. साहेबांनी सांगितलं, चौकातून लाइव्ह. पोरगी पुढं उभी राहून बोलणार, मागं गर्दी. कापाकापी काही नाही. जे कॅमेऱ्यात तेच घराघरात.

ऊन करपवत होतं. भोंग्याची चाळीस माणसंही पुरती आली नव्हती, मेहुण्यांपैकी एकच होता. गर्दीमास्तरनं न सांगता सगळे खांबाला जाऊन चिकटले. त्यांनाही आता सवय झाली होती. त्यानं चौक ओलांडला, गुडघा टेकला, ओढून घेतलं. पोरगी थोडी पुढं, एका कडेला. सुरू.

"आपण पाहू शकता, सगळं शहर आज इथं लोटलं आहे," पोरगी म्हणाली. तिचा काही दोष नव्हता. तिला ते वाक्य लिहूनच दिलं होतं.

बायको आता बघत असेल, असं त्याला वाटलं. व्याही बघत असतील. पोर काचेला जीभ लावत असेल. त्याचं बोट झूमच्या बटणावर होतं. ते त्यानं हळूच उलटं दाबलं.

आधी भोंगा लहान झाला. मग कडेची अर्धी माणसं पुरी झाली, आणि पुरी झाल्यावर दिसलं की त्यांच्या पलीकडं कुणीच नाही. बोट तसंच राहिलं. खांबाला चिकटलेला तो एवढासा पुंजका, कुणीतरी तव्यावर चिकटून राहिलेली खरपुडी सोडावी तसा. मग नुसता रस्ता. स्कूटर बंद पडली म्हणून ढकलत नेणारा एक माणूस. गच्चीवर सतरंजी झटकणारी बाई. न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीखाली पाय वर करून झोपलेला कुत्रा.

"जिकडं पाहावं तिकडं माणसंच माणसं," पोरगी म्हणत होती.

कानातल्या यंत्रात साहेबांचा आवाज आला. "आत घे. अरे आत घे. मास्तर, काय चाललंय?" मग नुसत्या शिव्या. त्याला एवढंच कळत होतं की ती बघतेय तोवर हात हलू द्यायचा नाही. वरून तोडून स्टुडिओ लावायला आणि तो उठायला एकच गाठ पडली. गुडघा वाजला. तो हिसका पडद्यावर गेला की नाही हे मात्र त्याला कळलं नाही.

दुपारी फोन आला. ती हसत होती. किती दिवसांनी.

"तो कुत्रा अजून तिथंच झोपतो होय?"

"तिथंच. म्हातारा झालाय."

"आणि ती सतरंजीवाली पाहिलीत? कधी घरातला केर काढत नाही आणि नेमकी आजच." मग म्हणाली, "व्याही बघून म्हणाले, एवढीच होय? आमच्याकडच्या मोर्च्यातही एवढीच असतात. आणि आमचेही असेच दाखवतात."

"बघ. मी सांगत होतो."

"सांगत होतात. आधी समुद्र सांगितलात तो कोण निस्तरणार?" आणि लगेच ती म्हणाली, "तिकिटं बघतो म्हणालाय जावई. तुमचा गुडघा दिसला शेवटी. मलम लावता का?"

"लावतो की."

मलम कुठल्या डब्यात आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पण त्या दुपारी त्यानं घर झाडलं, चपला कॉटखालून काढून पुसून परत ठेवल्या आणि बाजारात जाऊन पोरासाठी एक लहानशी निळी बादली घेऊन आला. त्या बादलीत पाणी भरून बघितलं. गळत नव्हती.

संध्याकाळी निकाल लागला. संबंध तोडायचे ठरले.

गर्दीमास्तर तेव्हा साहेबांच्या खोलीबाहेर बोलणी खायची वाट बघत उभा होता. टीव्हीवर एकेक सभासद येऊन सांगत होता, जनतेनं रस्त्यावर येऊन कौल दिला होता, आम्ही फक्त ऐकला. बाजूला कबुतरं उडत होती. चाळीस माणसांचा समुद्र राजधानीपर्यंत पोहोचला होता. मोकळा चौक मात्र तिथवर गेलाच नाही. तो बघितला इथल्या काही घरांनी, आणि पलीकडच्या देशातल्या एका घरानं.

साहेबांनी बोलणी खायला घातली ती मोजकीच. नोकरी ठेवली. कॅमेरा काढून घेतला. "उद्यापासून स्टुडिओत. अँकरसमोर. तिथं बाहेर यायला जागाच नाही, मागं फोम आहे."

दोन दिवसांनी भोंगा घरी आला. रागावूनच आला होता, पण चहा म्हटल्यावर बसला.

"भर चौकात नागडं केलंस मला."

"चौक मोकळाच होता. कुणी बघितलं नसेल."

भोंग्याला हसू आवरेना. चहा नाकातून आला. मग तो पान्हा घेऊन उठला आणि न विचारता नळाचा वायसर बदलू लागला. पाठ करून म्हणाला, "वहिनी कधी येणार?"

"बघू."

"माझ्यामुळं तर नाही ना रे?"

"तू कोण एवढा मोठा? चाळीस माणसांचा धनी."

 वायसर बसला तरी भोंगा उगाच बराच वेळ नळ उघडून बंद करत राहिला.

पलीकडची विमानं बंद होणार होती. आपापल्या माणसांना परत यायला सरकारनं थोडी मुदत दिली. ज्यांचा पासपोर्ट इकडचा त्यांनी यावं, पुढचं पुढं. लेकीचा पासपोर्ट लग्नानंतर तिकडचा झाला होता. नातवाचा तर जन्मच तिकडचा. इकडची अशी एकटी बायकोच.

तिनं फोन केला तेव्हा पडद्यावर तीच होती, पोर नव्हतं. मागं उघडी बॅग होती, आत काही भरलेलं नव्हतं.

"शेवटच्या विमानात जागा आहे म्हणे," ती म्हणाली.

"बरं."

"बसले तर लेकीला पुन्हा कधी बघेन सांगता येत नाही. हिची नोकरी, पोर अजून पाय टाकत नाही. पाळणाघरात ठेवलं की रडून निळं होतं." तिनं पदराची कड बोटाला गुंडाळली, सोडली. "नाही बसले तर तुम्हाला."

खिडकीतून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता. त्यानं खिडकी लावून घेतली.

"तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा. आयुष्यभर सगळं मीच ठरवलं. हे एक तुम्ही ठरवा."

त्याला सांगायचं होतं, ये. एका अक्षराचं काम. चुलीवर भात होता, त्याचा वास यायला लागला होता, तळ धरल्याचा.

"राहा तिथंच," तो म्हणाला. "इथं माझं बरं चाललंय. भात करपत नाही आता."

"खरंच?"

"मोकळा होतो. शीत न् शीत."

 हा माणूस दाखवतो ते आणि असतं ते यात किती अंतर असतं, हे आता तिला चांगलंच माहीत झालं होतं. पण ह्या वेळी तिनं त्याला खोटं पाडलं नाही.

"मोहरीशेजारच्या डब्यामागं आहे मलम," एवढंच म्हणाली. मग पोर रडलं आणि ती उठून गेली. पडद्यावर उघडी बॅग राहिली. फोन बंद करायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. बराच वेळ तो त्या रिकाम्या बॅगेकडं बघत भाताचा वास घेत बसला.

आता तो स्टुडिओतच असतो. स्टँडवर कॅमेरा, समोर अँकर, मागं पडदा, पडद्यावर अजूनही अधूनमधून तो समुद्र. त्याची चौकट नीट भरेल असं बघणं हे त्याचंच काम. चर्चा संपतच नाही. बेट अजून तिथंच आहे, त्यावर पक्षीही असतील.

पहिल्या काही दिवसांत बायको फोनवर म्हणाली होती, "आता बघायला मजा येत नाही. कॅमेरा हलतच नाही. तुम्ही आहात की दुसरा कुणी, कळत नाही."

त्यानंतर कधीतरी साहेबांच्या लक्षात आलं की रोज चर्चा संपताना, अँकर नमस्कार म्हणते ना म्हणते तोच, चित्राला एक बारीकसा हिसका बसतो.

"मास्तर, तो स्टँड सैल झालाय. शेवटी धक्का बसतो रोज. बघ जरा."

"बघतो," गर्दीमास्तर म्हणाला, आणि दुखरा गुडघा स्टँडच्या पायापासून जरासा मागं घेतला.